आईंच्या व्यायामाचा पेनड्राइव्ह

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, त्या वर्षी माझा नवरा कंपनीच्या कामासाठी परदेशात होता. काही महिन्यांसाठी म्हणून ऑनसाइट गेलेला माणूस वर्ष उलटलं तरी तिथेच होता. झटक्याची बातमी कळल्यावर तो आठवडाभर येऊन गेला, आईचा हात हातात घेऊन बसला, विमानतळावर जाताना टॅक्सीत रडला आणि मग परत त्याच्या कामाला लागला. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं उरलो. सासरे, सासूबाई आणि मी.

आईंची उजवी बाजू गेली होती. पाय थोडाफार परत आला. धरून धरून बाथरूमपर्यंत जाता यायचं. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच. बोलणं गेलं नव्हतं, पण शब्द हवे तेव्हा सापडायचे नाहीत. आई एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मी अमरावतीकडची, नोकरीसाठी पुण्यात आलेली आणि इथलीच झालेली. लग्नानंतर सुरुवातीला मी बोलता बोलता "येऊन राहिले" म्हटलं की त्या भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणायच्या, "येते आहे." एवढंच. रागावणं नाही की हसणं नाही. मुलांच्या वह्या तपासतानाचा हात असा चालत असणार, असं मला वाटायचं. पहिली काही वर्षं मला ते फार लागलं. नंतर मी सासरची मराठी वेगळी आणि माहेरच्या फोनवरची वेगळी, अशी वाटणी करून टाकली.

आता त्या चमच्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ती दे. ती… वाटी. नाही गं." आणि माझ्याकडे बघायच्या. मी "चमचा" म्हणायचे. आम्हा दोघींनाही ते आवडत नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची. तरुण, चटपटीत मुलगी. बाकीच्या दिवशी घरच्यांनी व्यायाम करून घ्यायचे. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सुरुवातीला ते आठवून आठवून करून घेतले आणि आईंचा खांदा दुखावला. बाबांचा चेहरा त्या दिवशी बघवत नव्हता. मग त्या मुलीनेच युक्ती काढली. आठवड्याचे व्यायाम तिने कॅमेऱ्यासमोर स्वतः करून दाखवले, कुठे थांबायचं ते सांगत, आणि ते व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून आणले.

"आजोबा, कॉम्प्युटर आजींच्या समोर ठेवा," ती म्हणाली. "मी करते तसंच करायचं, जास्त नाही, कमी नाही. दर आठवड्याला नवीन देईन. नवीन आले की जुने बंद."

तेव्हा फोनवर व्हिडिओ बघायची सोय आमच्या घरात नव्हती. घरात एक कॉम्प्युटर होता, नवऱ्याचा जुना. परदेशी जायच्या आधी त्याने त्याच्यावरचं विंडोज काढून लिनक्स चढवलं होतं. बाबा सोसायटीच्या नोटिसा टाइप करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापायला नेत आणि तिथून प्रत्येक वेळी व्हायरस घेऊन येत. "आता व्हायरसची कटकट कायमची संपली," असं सांगून नवरा विमानात बसला. त्यानंतर बाबांनी नोटिसा हाताने लिहून झेरॉक्स काढायला सुरुवात केली, त्यामुळे त्या यंत्राला पेनड्राइव्ह कसा लागतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

पेनड्राइव्ह मिळाला त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी कंपनीच्या बसमधून उतरले. खराडीहून कोथरूड म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. बसमध्ये मी झोपते असं सगळ्यांना वाटायचं. मी नुसते डोळे मिटून बसायचे. घरी पोचले तर बाबा दारातच उभे, चष्मा कपाळावर.

"तुझ्या नवऱ्याचं यंत्र माझ्याशी बोलत नाही," ते म्हणाले. "बघ, तुझ्याशी बोलतंय का."

कॉम्प्युटर आईंच्या पलंगासमोर टेबलावर आणून ठेवला होता. आई उशांना टेकून बसल्या होत्या, सकाळपासून तशाच वाट बघत असाव्यात. पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर आपोआप एक खिडकी उघडायला हवी आणि तिच्यात व्हिडिओ दिसायला हवेत. काहीच उघडत नव्हतं. पेनड्राइव्हचा छोटा दिवा मात्र लागत होता.

मी तो काढून पुन्हा लावला. पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावला. मग टर्मिनल उघडलं, म्हणजे ती काळी खिडकी, जिथे सगळं टाइप करून विचारावं लागतं. यंत्राला विचारलं, तुला काय काय जोडलंय? त्याने पेनड्राइव्हचं नाव बरोबर सांगितलं. किती मोठा आहे तेही सांगितलं. त्याला एसडीबी-१ असं नावही देऊन टाकलं होतं. म्हणजे ओळख पटलेली होती, दार उघडायचं तेवढं राहत होतं.

"म्हणजे पाणी फाट्यापर्यंत येतंय, शेतात जात नाही," बाबा मागून म्हणाले. त्यांचं आयुष्य खडकवासल्याच्या कालव्यावर पाटबंधारे खात्यात गेलं होतं.

"तसंच," मी म्हटलं.

शेवटी मी हाताने आज्ञा देऊन पेनड्राइव्ह उघडला, व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि लावून दिले. ती मुलगी पडद्यावर आली, हसली, हात वर केला. आईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलला. बाबा शेजारी स्टुलावर बसून खांदा धरून होते. मी स्वयंपाकघरात कुकर लावायला गेले. आठवडा निभावला.

पुढच्या आठवड्यात नवीन व्यायाम आले. मी ऑफिसात होते. मी टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, ती चूक पुन्हा पुन्हा घडवून दाखवायची आणि समोरचा "माझ्याकडे तर नीट चालतंय" म्हणाला की परत पहिल्यापासून सगळं सांगायचं, असं माझं काम. त्या दिवशी मीटिंग चालू असताना बाबांचा फोन आला. आईंचं काही असेल या धास्तीने मी तशीच बाहेर पडले.

"तो आजही उघडत नाही," बाबा म्हणाले. "तू मागे काय केलंस ते सांग. मी करतो."

"अहो बाबा, ते टाइप करावं लागतं."

"मला टाइप करता येतं. सोसायटीला विचार."

मी कॉरिडॉरच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"काळी खिडकी उघडलीत?"

"उघडली."

"आता लिहा, एस यू डी ओ."

"कॅपिटल?"

"नाही, सगळं लहान. मग एक जागा सोडा. मग एम ओ यू एन टी."

"माउंट? हा डोंगर झाला."

"हो, डोंगर. परत जागा सोडा. आता तिरपी रेघ."

"कुठल्या बाजूला तिरपी?"

मी हवेत बोट फिरवून बघितलं. "उजवीकडे झुकलेली. प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती. मग डी ई व्ही."

"बी?"

"व्ही. व्हॅनचा व्ही."

असं करत आम्ही ओळीच्या शेवटाला आलो.

"पासवर्ड मागतोय."

"टाका."

"टाकतोय, पण काही उमटत नाही."

"ते उमटत नाहीच. न दिसताच टाकायचं."

"दिसत नाही तर पोचतंय कशावरून?" बाबांचा आवाज आता ऑफिसच्या साहेबासारखा झाला होता. "ही काय पद्धत आहे?"

शेवटी यंत्र म्हणालं की अशी फाइलच नाही. कुठेतरी एखादी जागा सुटली नसणार किंवा जास्त सुटली असणार. आम्ही परत पहिल्यापासून सुरू केलं. मीटिंगच्या खोलीचं दार उघडून माझ्या मॅनेजरने बाहेर डोकावून पाहिलं आणि दार लावून घेतलं. फोनमध्ये मागून आईंचा आवाज आला, "अहो, राहू द्या. राहू द्या ना."

"आई राहू द्या म्हणते आहे," बाबांनी मला कळवलं, जणू मला ऐकूच आलं नव्हतं. आणि फोन ठेवला.

त्यांनी जुनेच व्यायाम करून घेतले. ती मुलगी पुढच्या वेळी आली तेव्हा तिच्या ते लगेच लक्षात आलं. "आजोबा, हे मागचे आहेत. आता पुढे जायला हवं, नाहीतर हात तिथेच राहील." बाबांनी हे मला संध्याकाळी शब्दाला शब्द सांगितलं. त्यात मला दोष देणं नव्हतं. पण 'हात तिथेच राहील' हे वाक्य मी रात्रीच्या भांड्यांबरोबर घासत राहिले.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, मी केलं तेव्हा चालत होतं."

"तेव्हा पेनड्राइव्ह लावून पाहिला होतास?"

"लावला असणार ना. सेटिंगमध्ये बघ, आपोआप उघडा असं लिहिलेलं असतं, तिथे टिक कर."

"बघितलं. टिक आहे."

"मग विचित्र आहे," तो म्हणाला. "परत इन्स्टॉल करून टाक ना सगळं. अर्ध्या तासाचं काम आहे."

माझ्याकडे अर्धा तास कुठे पडलेला आहे, हे मी त्याला विचारलं नाही. त्याच्याकडेही नव्हता. तोही तिकडे कुणाचं तरी असंच काहीतरी निस्तरत बसला होता. त्याच्या आवाजावरून ते कळत होतं.

रविवारी मी शांतपणे बसायचं ठरवलं. फिजिओचा पेनड्राइव्ह मागच्या खाचेत लावला. काही नाही. मग माझ्या पर्समधला माझा ऑफिसचा पेनड्राइव्ह काढला आणि पुढच्या खाचेत लावला. लावल्या लावल्या खिडकी उघडली. माझ्या सगळ्या फाइली समोर.

"उघडली!" बाबा म्हणाले.

"माझा उघडतोय. फिजिओच्या पेनड्राइव्हमध्येच काहीतरी गडबड आहे."

प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं. बाबा उन्हातून चालत जाऊन नवीन पेनड्राइव्ह घेऊन आले. चांगल्यातला चांगला द्या, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं होतं. ती मुलगी आली तेव्हा तो तिला दिला, तिने त्याच्यावर नवीन व्यायाम घालून परत आणला. बाबांनी लावला. उघडला नाही.

संध्याकाळी मी चप्पल काढत असताना ते म्हणाले, "तुझा उघडतो, आमचा उघडत नाही. माणूस बघून उघडतंय वाटतं."

मी हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून कॉम्प्युटरसमोर बसले आणि पुन्हा हाताने सगळं करायला लागले. त्या दिवशी ऑफिसातही एका मुलाने मला तीच ती चूक त्याच्याकडे होत नाही म्हणून परत पाठवली होती. बसचा ब्रेकडाउन होऊन आम्ही येरवड्याच्या पुलाआधी ताटकळलो होतो. बोटं चुकत होती. एकदा पासवर्ड चुकला, परत चुकला. बाबा दूध आणायला खाली गेले होते. खोलीत आई आणि मीच.

"बंद कर," आई म्हणाल्या.

"होतंच आहे आई. एक मिनिट."

"बंद कर ते." त्यांनी डाव्या हाताने पलंगावर थोपटलं. "बस."

मी उठून त्यांच्या पायाशी बसले. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि ओठ हलवत होत्या. शब्द शोधताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तशा पडल्या. मी मदत करायला गेले नाही, कारण काय म्हणायचंय ते मला माहीत नव्हतं.

"तू," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. "तू… थकून राहिली."

आमच्याकडचं बोलणं ते. माझी आई असंच म्हणाली असती. ते त्यांच्या तोंडून कसं आलं कोण जाणे. इतकी वर्षं माझ्याकडून काढून काढून ते कुठेतरी त्यांच्यापाशीच साठलं असेल. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, तेही मला कळलं नाही. त्यांनी दुरुस्त केलं नाही. मीही नाही. मी म्हटलं, "हो आई," आणि पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, थोडा गार. तो मी धरून बसले. बाबा दूध घेऊन आले, आम्हाला बघितलं आणि दूध तापवायला आत गेले. त्या दिवशी व्यायाम झाले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी आई झोपल्या होत्या. मी कॉम्प्युटरकडे ऑफिसच्या कामासारखं बघायचं ठरवलं. चूक पुन्हा घडवता आली पाहिजे. एक पेनड्राइव्ह उघडतो आणि एक उघडत नाही, हे खरं आहे का? की मी ते एकदाच बघून धरून बसले आहे? माझ्या टीममध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

मी सगळे पेनड्राइव्ह काढून टाकले. कॉम्प्युटरला काहीच लावलेलं नाही. मग फक्त माझा लावला, तो नेहमी उघडणारा.

उघडला नाही.

मला एकदम हुशारी आली. बऱ्याच दिवसांत असं झालं नव्हतं. माझा तसाच ठेवून बाबांचा नवीन लावला. तो ताडकन उघडला. दोन्ही काढले. आधी बाबांचा, मग माझा लावला. बाबांचा गप्प, माझा उघडला. म्हणजे पेनड्राइव्ह कुणाचा, याचा काही संबंधच नव्हता. जो पहिला लागेल तो अडकायचा आणि जो दुसरा लागेल तो चालायचा. त्या रविवारी फिजिओचा पेनड्राइव्ह मागच्या खाचेत तसाच होता, म्हणून माझा उघडला होता. बाबा उन्हातून जे घेऊन आले ते उगाचच.

ते दुसऱ्या खोलीत पेपर वाचत होते. मी त्यांना हाक मारली आणि दाखवलं. त्यांनी स्वतः लावून, काढून, उलटसुलट करून खात्री केली.

"म्हणजे पहिल्याला कुणीतरी अडवतंय," ते म्हणाले.

"हो. आता कोण ते बघते."

हे यंत्र प्रत्येक डिस्कला क्रमाने अक्षर देतं. त्याची स्वतःची आतली डिस्क 'ए'. बाहेरून पहिली लागेल ती 'बी', नंतरची 'सी'. अडत होतं ते फक्त 'बी'पाशी. मग कुठेतरी 'बी'बद्दल काहीतरी लिहून ठेवलेलं असणार. कुठली डिस्क कुठे उघडायची, हे सांगणारी एक फाइल असते, तिला एफएसटॅब म्हणतात. ती उघडली. पाच-सहा ओळी होत्या. शेवटच्या ओळीत एसडीबी-१ चं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं की हिला आपोआप उघडू नये.

नवऱ्याने लिनक्स चढवलं होतं ते एका पेनड्राइव्हवरून. चढवणाऱ्या प्रोग्रॅमला तो पेनड्राइव्ह म्हणजे घरातलीच कायमची वस्तू वाटली असणार, म्हणून त्याने तिची नोंद करून ठेवली. तो पेनड्राइव्ह नवऱ्याबरोबर केव्हाच परदेशी गेला होता. इथे मात्र त्याच्या जागी जो कुणी यायचा त्याला यंत्र सांगत होतं, थांब, तुला कुणीतरी हाताने उघडेल.

मी त्या ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह घातलं, म्हणजे यंत्र ती ओळ वाचणार नाही. फाइल जतन केली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. पेनड्राइव्ह बाबांच्या हातात दिला.

"तुम्ही लावा."

त्यांनी लावला. खिडकी उघडली, व्यायाम ओळीने समोर.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पेनड्राइव्ह काढला, परत लावला. परत उघडला. "चहा घेणार?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, बाबांनी मला चहा विचारायची ती पहिली वेळ. चहात साखर जास्त झाली होती. मी पूर्ण प्यायले.

त्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. "अरे हो," तो म्हणाला, "इन्स्टॉलर लिहितो कधीकधी तसं. काढायला हवं होतं." माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं, पण ते सगळं बोलायला जी ताकद लागते ती मी बसमध्येच संपवून आले होते. मी म्हटलं, "हं." मग त्याने आईचा हात कसा आहे, विचारलं. मी म्हटलं, थोडा वर जातो.

खरंच जात होता. नवीन व्यायाम दर आठवड्याला येऊ लागले. बाबा सकाळी अंघोळ झाली की पेनड्राइव्ह लावत, स्टूल ओढून घेत आणि आईंचा खांदा धरत. ऑफिसात मला फोन येणं बंद झालं. सुरुवातीला मीच मधे मधे फोन उचलून बघायचे, चालू आहे ना. आईंचा हात आधी छातीपर्यंत आला, मग खांद्यापर्यंत. उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी तो स्वतःच्या स्वतः उचलून पलंगाच्या कठड्यावर ठेवला आणि बाबांनी मला ऑफिसात फोन करून एवढंच सांगितलं, "कठड्यावर ठेवला," आणि फोन बंद केला.

बोटं मात्र आली नाहीत. वाटी धरता येईल असं त्या मुलीला वाटलं होतं, आम्हालाही वाटलं होतं. तिने प्रयत्न पुष्कळ केले. दिवाळीनंतर एकदा तिने पेनड्राइव्ह परत आणला तेव्हा त्याच्यावर नवीन काहीच नव्हतं.

"आजोबा, आता हेच चालू ठेवायचं," ती म्हणाली. "जे आलंय ते टिकवायचं."

"म्हणजे पुढे काही नाही?"

ती मुलगी खरं बोलणारी होती. "फारसं नाही," ती म्हणाली. आईंच्या समोरच म्हणाली, आणि मला ते बरं वाटलं. आईंनी मान हलवली. वर्गात एखाद्याने उत्तर बरोबर दिल्यावर मान हलवावी, तशी.

ते पुढची पुष्कळ वर्षं टिकवलं. शब्द हळूहळू बरेच परत आले. चमचा आला, वाटी वेगळी झाली. माझं बोलणं मात्र त्यांनी परत कधी दुरुस्त केलं नाही. मी त्यांच्यासमोर माहेरी फोन करायला लागले होते, आतल्या खोलीत न जाता. एकदा मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "आई काय करून राहिल्या?" आणि स्वतःच हसल्या, अर्ध्या चेहऱ्याने.

नवरा झटक्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी परत आला. आल्या आल्या त्याने आईजवळ बसून घेतलं आणि मग कॉम्प्युटरसमोर बसला. फार जुनं झालंय हे, म्हणत त्याने सगळं लिनक्स नवीन करून टाकलं. मला बरं वाटलं, कारण मला आता त्यात काही बघायचं नव्हतं. तो बराच वेळ बसला होता. मी झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, मी नुकती जागेवर बसत होते, तेव्हा बाबांचा फोन आला.

"खिडकी उघडते," ते म्हणाले. "व्हिडिओ चालू होतो. पण आवाज नाही. ती मुलगी नुसते ओठ हलवते."

"बाबा, तो घरात आहे ना? त्याला सांगा."

"झोपलाय. त्याची वेळ अजून तिकडचीच आहे." मग ते म्हणाले, "आणि त्याला विचारलं तर तो परत सगळं नवीन करेल."

माझ्या टेबलावर कालचं काम तसंच पडलं होतं. खिडकीतून पार्किंग दिसत होतं आणि उशिरा पोचलेल्या बसमधून लोक उतरत होते. मी दोन-तीन गोष्टी विचारल्या, स्पीकरची वायर बघितलीत का, आवाजाचं चित्र पडद्यावर दिसतंय का. ते सगळं त्यांनी बघून झालं होतं.

"मी संध्याकाळी येते आणि बघते," मी म्हटलं.

"ये," बाबा म्हणाले. "घाई करू नकोस. आई डुलकी काढते आहे."